दानात आलेलं सामान घरच्यांनी मिळून कसं निवडावं

दानात आलेल्या पिशव्यांच्या ढिगासमोर पहिल्यांदा उभं राहिलं की वाटतं, ही नुसती आवराआवर आहे: घड्या घालायच्या आणि खोक्यात भरायच्या. खरं काम आहे निवडण्याचं, आणि निवडण्यात निम्मं काम नकार देण्याचं असतं. कसोटी एकच धरा. तुम्ही बंद केलेलं खोकं पलीकडे ज्याच्या हातात पडेल, त्याला ते फोडून आत धुंडाळावं लागता कामा नये. बाहेरचं लेबल वाचून ते थेट योग्य माणसापर्यंत गेलं पाहिजे. ज्या खोक्यावर फक्त 'कपडे' असं लिहिलंय, ते पुन्हा कुणीतरी निवडणार, म्हणजे तुमचे दोन तास वाया गेले.

जाण्याआधी विचारायच्या गोष्टी

दानाचं सामान निवडायला ज्या संस्थेत जाणार आहात, तिला फोन करून सगळ्यात आधी विचारा की हे सामान पुढे कुठे जाणार आहे. त्यावर सगळी चाळण ठरते. संस्थेच्या दुकानात विकायचं असेल, तर उंच टाचेचे बूट आणि समारंभाचे कपडेही चालतात. घरोघरी वाटायचं असेल, तर रोजच्या वापराचं आणि नेमक्या मापाचं हवं. आपत्तीच्या ठिकाणी पाठवायचं असेल, तर चाळण सर्वांत बारीक, कारण तिथे साठवायला जागा नसते, निवडायला माणसं नसतात आणि रस्ता आधीच अडलेला असतो. मदतकार्य करणारे लोक नको असलेल्या सामानाच्या लोंढ्याला 'दुसरी आपत्ती' म्हणतात, ते उगाच नाही.

मग लहान मुलांना आत घेतात का आणि कितव्या वर्षापासून, आत्ता काय हवंय, काय अजिबात घेत नाहीत, नाकारलेलं सामान कुठे ठेवायचं हे विचारा. बऱ्याच ठिकाणी ढकलगाड्या आणि मोठ्या मांडण्यांमुळे लहानांना गोदामात सोडत नाहीत. दारात जाऊन हे कळण्यापेक्षा फोनवर कळलेलं बरं.

एका टेबलाला चार-पाच जण पुरतात. दहा वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर दीड तासाच्या वर थांबू नका. दमलेलं मूल डबा तपासत नाही, नुसता उचलून ठेवतं.

पायात बंद बूट, पूर्ण बाह्या, केस बांधलेले. पिशव्या उघडणाऱ्याला मास्क हवाच. घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर त्यांना पॅकिंगच्या टोकाला बसवा. सोबत घ्यायचं सामान असं: तीन मार्कर (एक हमखास सुकलेला निघतो), ४८ मिलिमीटर रुंदीची टेप, कात्री, शिवणकामाची मोजपट्टी, रबरबँड, एक टॉर्च, लांब चिमटा आणि फिरकीच्या झाकणाची जाड प्लॅस्टिकची बाटली. या शेवटच्या दोन वस्तू बहुतेक जण विसरतात. त्यांचं काम खाली येईलच.

टेबल कसं लावायचं

टेबल साधारण कोपराच्या उंचीचं हवं. जमिनीवर ढीग घालून वाकून निवडायला बसलात तर अर्ध्या तासात कंबर धरते. सामान एकाच दिशेने सरकलं पाहिजे: न उघडलेल्या पिशव्या, ओतायची जागा, तपासणी, गट पाडणं, पॅकिंग. कुठलीही वस्तू मागे जायची नाही. तपासलेलं आणि न तपासलेलं एकमेकांपासून किमान दीड मीटर लांब ठेवा. मध्ये एखादी खुर्ची आडवी घातली तरी चालते, पण दोन्ही ढीग एकमेकांत मिसळले की सगळं पहिल्यापासून.

काळ्या पिशव्या फक्त कचऱ्यासाठी वापरा. चांगलं सामान पारदर्शक पिशवीत किंवा खोक्यात भरा. दोन्हीकडे काळ्या पिशव्या वापरल्या की तपासून घडी घातलेले कपडे संध्याकाळी कचऱ्याबरोबर जातात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

तपासणाऱ्याच्या मागे चार क्रेट: चालेल, दुरुस्ती, शंका, बाद. शंकेचं क्रेट मुद्दाम लहान घ्या. मोठं घेतलं तर निम्मा ढीग त्यातच जातो, कारण 'बघू नंतर' म्हणणं फार सोपं असतं. ते भरलं की तिथल्या प्रमुखाला बोलवून रिकामं करून घ्यायचं, मगच पुढचं काम.

पिशवी उघडताना

पिशवीत हात घालायचा नाही. कधीच नाही. पिशवी तळाच्या दोन कोपऱ्यांना धरून टेबलावर हळू उलटी करायची. आत फुटकी काच, उघडं ब्लेड, इंजेक्शनची सुई काहीही असू शकतं, आणि साध्या हातमोज्यातून सुई सरळ आत जाते. हे काम फक्त मोठ्यांचं. सुई दिसली तर चिमट्याने उचलून जाड बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा, बाटलीवर 'सुया' लिहून प्रमुखाकडे द्या. टोचलीच, तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, तोंडाने चोखू नका आणि लगेच डॉक्टरकडे जा. एचआयव्ही टाळण्याचं औषध जितक्या लवकर तितकं चांगलं आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, म्हणून 'उद्या बघू' इथे चालत नाही.

ओतल्यावर आधी नाक वापरायचं, मग डोळे. कुबट वास आला की पिशवीत काहीतरी ओलं आहे. ओल्या कापडावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते, आणि एक दमट टॉवेल अख्खी पिशवी कुबट करतो. अशा वेळी सगळी पिशवी वेगळी करा, फक्त टॉवेल काढून भागत नाही.

ढेकणांसाठी शिवणी, कॉलरचा आतला भाग आणि उशांच्या कडा टॉर्चने पाहा. काळपट तपकिरी ठिपके, फिकट पारदर्शक सालं, किंवा सफरचंदाच्या बीएवढा चपटा किडा. दिसलं की कापड झटकायचं नाही. सगळं पुन्हा पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, गाठ मारून बाहेर. ६० अंश सेल्सिअसला धुऊन किंवा उणे १८ अंशांत चार दिवस ठेवून ढेकूण मरतात, पण बहुतेक केंद्रांवर ही सोय नसते. मग ती पिशवी बाद. हळहळू नका, कारण ती आत गेली तर गोदामातले सगळे गठ्ठे धोक्यात.

कपडे

इथे सर्वाधिक वेळ जातो, म्हणून तपासायचा क्रम ठरवून टाका आणि तो बदलू नका. कॉलर, काखा, बाह्यांच्या कडा, पुढची बाजू, चेन किंवा बटणं, गुडघे, बैठकीची जागा, खिसे. डाग बहुतेक पहिल्या तीन जागीच सापडतात, त्यामुळे बाद होणारा शर्ट तीन सेकंदांत बाद होतो. मग कापड उजेडाकडे धरा. विरलेलं कापड हाताला कळत नाही, उजेडात जाळीसारखं दिसतं. जीन्सच्या मांड्यांची आतली बाजू हमखास विरलेली असते आणि घडी घातलेली असताना ती दिसत नाही. लोकरी कपड्यांवर आलेले गोळे चालतात. कसर लागलेली भोकं चालत नाहीत.

चेन दोनदा वर-खाली करा. अडकत असेल तर पेन्सिलीचं शिसं दातऱ्यांवर घासून बघा, निम्म्या वेळा तेवढ्याने चालते. एखादंच बटण गेलेलं, शिवण दोन बोटं उसवलेली, अशा वस्तू दुरुस्तीच्या क्रेटमध्ये. आजी-आजोबा आले असतील आणि सुई-दोऱ्याला हात बसलेला असेल, तर हे बसून करायचं काम त्यांना द्या. पण पाच मिनिटांत होणार नसेल ते दुरुस्तीत ठेवू नका. क्रेट भरतं आणि तसंच राहतं. इलॅस्टिक ताणून सोडा. परत आलं नाही किंवा आतून कुरकुर ऐकू आली तर ते मेलेलं आहे. ढिलं इलॅस्टिक बदलण्यात वेळ घालवणं परवडत नाही, चड्डी बाद.

खिशात बोटं घालायची नाहीत. खिसा बाहेरून चाचपायचा, मग अस्तर धरून उलटा करायचा. पैसे, ओळखपत्रं, चिठ्ठ्या, लायटर निघतात. ते प्रमुखाच्या हातात द्यायचं, आणि फोटो काढायचा नाही. आतले कपडे पाकीटबंद नवे असतील तरच घ्या. मोजे वापरलेले चालतील की नाही हे संस्थेला विचारा.

लहान मुलांच्या कपड्यांत दोन गोष्टी नवख्यांना माहीत नसतात. टोपीच्या जर्किनला गळ्याशी नाडी असेल तर ती ओढून काढून टाका. घसरगुंडीत, दारात नाडी अडकून मुलांना फास बसलेला आहे, आणि बऱ्याच देशांत लहान मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी लावायला बंदी आहे. दुसरी गोष्ट डांबराच्या गोळ्यांचा वास. हा वास येणारे कपडे आणि दुपटी बाळांच्या खोक्यात थेट घालू नका. त्यातलं नॅप्थलिन जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फोडतं. उन्हावाऱ्यात टाकून, धुऊन वास पूर्ण गेला तरच पुढे.

आता माप. लेबलावरच्या 'एम' आणि 'एल'वर विसंबू नका. प्रत्येक कंपनीचा एम वेगळा, शिवाय धुऊन आटलेला. कपडा टेबलावर सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा, ती छाती. कमरेची पट्टी मोजून दुप्पट करा, ती कंबर. उदाहरणार्थ, ५१ सेंटिमीटर आलं तर छाती १०२. चिकटपट्टीच्या तुकड्यावर आकडा लिहून कॉलरला लावा. मोठ्यांचे गट छाती-कमरेवर, मुलांचे वयावर पाडा. प्रत्येक गटात हिवाळी वेगळे. याहून बारीक गट पाडायच्या फंदात पडू नका. वीस खोकी अर्धी अर्धी भरतात आणि एकही बंद होत नाही.

आवडीनिवडीचा निकष लावायचा नाही. रंग भडक आहे म्हणून शर्ट बाद होत नाही. दोष असेल तर बाद, नसेल तर चालेल. कुठल्या क्रेटमध्ये टाकायचं हे दहा सेकंदांत ठरत नसेल तर शंकेत टाका. फाटके टॉवेल आणि चादरी मात्र लगेच कचऱ्यात टाकू नका. प्राण्यांच्या निवाऱ्याला त्या लागतात, आणि सुती चिंध्या पुसायला उपयोगी पडतात.

बूट-चपला

दोन्ही पाय हातात घेऊन आकडा ताडून बघा. एकसारखे दिसणारे पण एक आठ आणि एक नऊ असे जोड येतात. तळवा अंगठ्याने जोरात दाबा. फोमसारख्या पॉलियुरेथेनचा तळवा न वापरता पडून राहिला तरी हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. वरून बूट नवाकोरा, पण दाबलं की भेग पडते किंवा भुगा निघतो. असा बूट घालून माणूस शंभर पावलं चालेल आणि तळवा रस्त्यावर राहील. जोड चांगला असेल तर नाड्या एकमेकींत बांधा, नाडी नसेल तर रबरबँड. एकटा बूट म्हणजे कचराच.

खेळणी

खेळण्यांजवळ मुलांना बसवायचंय ना, मग आधी एक ठरवून टाका: इथलं काहीही घरी जाणार नाही, विचारायचंही नाही. घरून निघतानाच सांगा. टेबलाशी सांगितलं तर उशीर झालेला असतो.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळण्याचा कुठलाही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावता कामा नये, ही चाचणी अनेक देशांत वापरतात. ते नळकांडं हाताशी नसतं, म्हणून टिश्यूच्या रोलची रिकामी पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी मोठी असते, म्हणजे चाचणी अजून कडक होते. जे नळीतून पडतं, ते लहानांच्या खोक्यात नाही. आठ-दहा वर्षांची मुलं हे काम मन लावून करतात. कापडी बाहुल्यांचे डोळे आणि बटणं ओढून बघायला मात्र मोठ्यांची ताकद लागते.

बटणसेल असलेल्या खेळण्यांचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, नखाने उघडत असेल, तर खेळणं बाद. गिळलेला बटणसेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. सुटे छोटे ताकदवान चुंबकही बाद. दोन गिळले की आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

जिगसॉ कोडं २४ तुकड्यांचं असेल तर धाकट्यांकडून जुळवूनच घ्या, मोजण्यापेक्षा तेच लवकर होतं. हजाराचं मोजत बसू नका. अनेक 'हजार' तुकड्यांच्या कोड्यांत ३८ गुणिले २७ म्हणजे १०२६ तुकडे असतात, त्यामुळे मोजूनही घोळच. 'तुकडे मोजलेले नाहीत' एवढं लिहून पुढे चला.

हेल्मेट आणि गाडीतली मुलांची सुरक्षा-आसनं चकचकीत दिसली तरी घेऊ नका. आधी धडक बसलेली आहे का, हे बाहेरून कळत नाही.

खाद्यपदार्थ, औषधं आणि बाकीचं

डब्यावर 'यूज बाय' असेल तर ती तारीख सुरक्षिततेची. उलटली की बाद, वादच नाही. 'बेस्ट बिफोर' ही चवीची आणि दर्जाची तारीख आहे. ती उलटलेलं घ्यायचं की नाही, हे संस्थेच्या नियमावर. तारीख वाचताना दोन घोळ होतात. बॅच क्रमांक तारखेसारखा दिसतो, आणि ०३/०४ म्हणजे काही देशांत ३ एप्रिल, तर काही देशांत ४ मार्च. खात्री नसेल तर दोन्हींपैकी आधी येणारी धरा. तारीख मार्करने डब्याच्या डोक्यावर मोठी लिहा, लवकर संपणारं पुढे ठेवा.

टिनला बाजूला छोटा पोचा आलेला चालतो. पोचा कडेवर किंवा उभ्या सांध्यावर असेल, बोट आत रुतण्याइतका खोल असेल, डबा फुगलेला असेल किंवा गळत असेल, तर बाद. फुगलेला डबा उघडून, हुंगून, चाखून बघायचा नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष वासावरून ओळखू येत नाही. साबण आणि पीठ एका खोक्यात घालू नका. आठवड्याभरात पिठाला साबणाचा वास लागतो आणि ते कुणी खात नाही.

घरातून आलेली उरलेली औषधं निवडत बसायचंच नाही, सगळी प्रमुखाकडे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्णांनी परत केलेली औषधं दान करू नयेत, असं त्यात स्पष्ट आहे. बाळांच्या दुधाच्या पावडरीचे डबेही वाटपाच्या खोक्यात न घालता प्रमुखाकडे द्या. स्वच्छ पाणी नसेल तिथे ती पावडर बाळाला आजारी पाडते, आणि सरसकट वाटली तर आयांचं अंगावर पाजणं कमी होतं.

विजेच्या वस्तूंचा वेगळा ढीग. वायर सोललेली आहे का एवढंच बघा, सॉकेटला लावून बघू नका, ते जाणकाराचं काम. फुगलेली बॅटरी दिसली तर दाबू नका, बाहेर ठेवा आणि सांगा. फोनमधलं सिम आणि मेमरी कार्ड तपासा. पुस्तकं उघडून हुंगायची. बुरशीचा वास आला तर बाद.

खोकं भरणं आणि लेबल

तळाला टेपच्या दोन पट्ट्या, वर 'एच' आकारात टेप. वजन १२ किलोच्या वर नको. घरचा वजनकाटा असेल तर आधी नुसतं उभं राहा, मग खोकं घेऊन, आणि वजाबाकी मुलांना करू द्या. पुस्तकांचं खोकं अर्धंच भरून वर हलके कपडे घाला, नाहीतर उचलताना तळ सुटतो. पुस्तकं-कपडे असं मिश्र खोकं झालं, तर दोन्ही लेबलावर आलंच पाहिजे. खोकं काठोकाठ भरा, पण फुगू देऊ नका. रिकामी जागा राहिली तर वरचं खोकं त्यात धसतं.

लेबल वर लावू नका. खोकी एकावर एक चढली की ते झाकलं जातं. शेजारशेजारच्या दोन बाजूंना लावा, म्हणजे खोकं फिरवून ठेवलं तरी एखादं लेबल दिसण्याची शक्यता वाढते. लेबल असं: 'मुलं, ८ ते ९ वर्षं, हिवाळी. स्वेटर १४, पँट १०. तपासलं.' खाली तारीख. एकाने दहा-दहाच्या गठ्ठ्यांत मोजायचं, दुसऱ्याने मोठ्याने म्हणून लिहायचं. मोजणाऱ्यानेच लिहिलं तर आकडा चुकतो, विशेषतः गप्पा चालू असताना.

कुणाला कुठे बसवायचं

पाच ते सातच्या मुलांना मोज्यांच्या आणि बुटांच्या जोड्या लावणं, स्केचपेन कागदावर ओढून सुकलीत का बघणं, लहान कोडी जुळवणं. आठ ते बाराच्या मुलांना मोजणं, मोजपट्टी, लेबल. तेराच्या पुढच्यांना कपड्यांची तपासणी आणि टेप. पिशवी ओतणं आणि विजेचं सामान मोठ्यांकडेच. दर पाऊण तासाने जागा बदला, मोठ्यांच्याही. सलग तासभर कॉलरी पाहिल्यावर डोळ्यांना डाग दिसेनासा होतो.

मुलाने 'चालेल'मध्ये टाकलेली वस्तू तुम्हाला बाद वाटली तर त्याच्यासमोर गुपचूप उचलून फेकू नका. डाग दाखवा आणि त्यालाच बाद क्रेटमध्ये टाकू द्या. पुढच्या शर्टाला तो आधी कॉलर बघतो.

आवरताना

शेवटची पंधरा मिनिटं नवी पिशवी उघडायची नाही. अर्धवट तपासलेला ढीग दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांना कळत नाही, म्हणून तो पिशवीत परत भरून 'तपासलेलं नाही' असं लिहा. टेबलाखाली टॉर्च मारा, एकटे बूट आणि कोड्यांचे तुकडे तिथेच सापडतात. हात साबणाने धुवा, अंगावरचे कपडे घरी गेल्यावर थेट धुवायला टाका. आणि निघायच्या आधी आपापली जर्किनं मोजा. खुर्चीवर काढून ठेवलेलं जर्किन कुणीतरी मन लावून तपासून, चेन दोनदा वर-खाली करून, घडी घालून खोक्यात भरलेलं असतं.